न मोडलेलं जनुक

काकूंनी प्रयोगशाळेत बावीस वर्षं जंतू वाढवले. संचालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणत. मग उजव्या मनगटाने दगा दिला. सहा महिने पिपेटला, म्हणजे थेंब मोजून घ्यायच्या नळीला, हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि काकूंची रवानगी संगणकाच्या खोलीत झाली. तिथे ना जंतू वाढवायच्या बशा, ना त्यांचा वास, नुसता पंख्याचा आवाज. पहिल्या दिवशी त्यांचा जीव अगदी कावून गेला.

त्यांना शिकवायला होती चष्मेवाली. आठ वर्षांपूर्वी हीच मुलगी पिपेट उलटी धरायची आणि काकू तिचा हात धरून शिकवायच्या. आता ती त्या खोलीची प्रमुख होती, पण काकूंना खुर्ची पुढे करून स्वतः स्टुलावर बसायची. तिने सांगितलं, की काकूंच्याच एका जंतूचा सगळा डीएनए वाचून झालाय. ए, टी, जी आणि सी ही चार अक्षरं, चाळीस लाख वेळा, मध्ये कुठे मोकळी जागा नाही. त्यात जनुक कुठे सुरू होतं, कुठे संपतं आणि ते काय काम करतं, याच्या नोंदी करायच्या. अक्षरं तीन-तीनच्या गटाने वाचायची. एटीजी दिसलं तर सुरुवात असू शकते, टीएए आलं की थांबा. सॉफ्टवेअर अंदाज बांधतं, माणसाने तो तपासायचा.

काकूंना आठवडाभर काही उमगेना. रोज मान अवघडायची आणि पदरात काही पडायचं नाही.

एका संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, की तू दिवसभर करतेस तरी काय. तो गाड्या दुरुस्त करायचा. त्याला सुटा भाग हातात दिल्याशिवाय काही पटायचं नाही. काकूंनी कागद ओढला, त्यावर ‘गवतबदककमलमगर’ असं सलग लिहिलं आणि तीन-तीन अक्षरं तोडायला सांगितली. त्याने चटकन गवत, बदक, कमल, मगर असं वाचलं. मग त्यांनी ‘व’ खोडला. नवरा वाचू लागला, “गतब, दकक, मलम...” आणि थबकला. “हा मलम कुठून आला?”

काकू इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी आलं. एक अक्षर गेलं की पुढचं सगळं बिघडतं आणि नसलेलं काहीतरी असल्यासारखं दिसतं, हे समजावताना त्यांनाच ते पहिल्यांदा नीट कळलं.

दुसऱ्या दिवशी त्या एका जनुकापाशी अडल्या. दुधातली साखर फोडणारं ते जनुक. सॉफ्टवेअरने त्याच्यापुढे ‘मोडकं’ असा शेरा मारला होता, कारण अर्ध्यावरच ‘थांबा’ आलं होतं. काकूंनी मान हलवली. या जंतूला त्यांनी किती वेळा ती साखर घातली होती, आणि दर वेळी साखर फुटल्याची खूण म्हणून बशी सकाळपर्यंत पिवळीधमक झालेली असायची. या जंतूत ती साखर फोडणारं दुसरं जनुकही नव्हतं. मग हे मोडकं कसं?

त्यांनी ‘थांबा’पासून मागे एकेक अक्षर तपासत नेलं. थोडं अलीकडे पाच जी ओळीने उभे होते. नात्यातल्या इतर जंतूंमध्ये त्याच जागी सहा होते.

“इथे एक जी वाचायचा राहिलाय,” त्या म्हणाल्या. “जनुक धडधाकट आहे. मी त्याला काम करताना बघितलंय.”

चष्मेवाली आधी साशंक होती. एकसारखी अक्षरं ओळीने आली की डीएनए वाचणारं यंत्र चुकतं, हे तिला ठाऊक होतं, पण पुराव्याशिवाय खोडायचं नाही, हेही काकूंनीच तिला शिकवलं होतं. तिने तेवढा तुकडा पुन्हा वाचायला पाठवला.

चार दिवसांनी उत्तर आलं. जी सहाच होते.

चष्मेवालीने शेरा पुसला आणि कीबोर्ड काकूंकडे सरकवला. काकूंनी डाव्या हाताने, एकेक कळ शोधत, लिहिलं: जनुक अखंड, काम चालू. मग संचालक मुद्दाम खाली येऊन बघून गेले, आणि त्या दिवशी काकूंनी नवऱ्याला दुपारीच फोन केला.

मनगट बरं झालं तेव्हा काकू पुन्हा बशांकडे गेल्या, पण फक्त सकाळच्या वेळी. दुपारी त्या संगणकापाशी असत. अजून तीनशे बारा जनुकांपुढे ‘काम माहीत नाही’ असं लिहिलेलं होतं, आणि त्यातली बरीच जणं नेमकं काय करतात, याचा काकूंना आधीपासूनच संशय होता.