पिवळं कोण, उजेड की बाळ?

पांढऱ्या रंगाच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. बाथरूमच्या टाइल्सचे फोटो काढणं हा माझा धंदा. कॅटलॉगमध्ये नुसत्या पांढऱ्याच्याच डझनभर छटा असतात, आणि गिऱ्हाइकाला घरी आलेली टाइल फोटोपेक्षा पिवळट वाटली की कंपनी माझ्या नावानं शंख करते. धाकट्या बहिणीचा नवरा मला ‘पांढरपेशी ताई’ म्हणतो. म्हणू दे. माझं पोट त्यावर चालतं.

रविवारी मी जेवायला बसले आणि धाकटीचा फोन आला. “ताई, कॅमेरा घेऊन ये. बाळ मला पिवळं दिसतंय, आणि इथं सगळे म्हणतात, तुला झोप नाही म्हणून तसं वाटतंय.”

बाळ परवाच हॉस्पिटलातून घरी आलेलं. मी ताट तसंच झाकून निघाले.

खोलीत पाऊल टाकलं आणि कपाळावर हात मारला. मोहरीच्या रंगाचे पडदे, वर पिवळा दिवा. पडदा सारला, तर समोरच्या इमारतीला मालकानं हळद फासल्यासारखा रंग दिलेला, आणि ऊन त्यावर आपटून थेट पाळण्यात येत होतं. बाळाला गच्चीत नेऊन बघू म्हटलं, तर धाकटीच्या सासूबाई आडव्या आल्या. बाहेर वारा सुटलाय म्हणे.

“अहो, अशा खोलीत बाळ पिवळं दिसणार नाही तर काय जांभळं दिसेल?” त्या म्हणाल्या. बाई मनानं वाईट नाहीत, पण एकदा ठरवलं की ठरवलं. “हिचा जीव उगाच घाबरा होतो.”

“मी हॉस्पिटलात फोटोसुद्धा पाठवला, ताई,” धाकटीचा नवरा मोबाइल पुढं करत म्हणाला. “तिथल्या सिस्टर म्हणाल्या, फोटोत तर छान दिसतंय. दूध नीट पीत असेल तर ठरल्याप्रमाणे मंगळवारी आणा.”

“नीट कुठं पितंय?” धाकटी म्हणाली. “तोंड लावतं आणि झोपून जातं. उठवलं तरी उठत नाही.”

म्हणजे प्रश्न एवढाच होता. पिवळा उजेड असेल तर मंगळवारपर्यंत थांबायचं. बाळच पिवळं असेल तर आत्ता उठायचं.

मी मोबाइलमधला फोटो पाहिला. बाळ खरंच गोरंगुलाबी होतं. मग कॅमेरा काढला, दोन-चार फोटो घेतले आणि लॅपटॉपवर टाकले. सगळं पिवळं आलं. आलं म्हणजे येणारच, अशा उजेडात. बाळाच्या गालावर नजर ठेवून मी व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे उजेडाचा रंग फोटोतून काढून टाकणारा, काटा निळ्याकडे सरकवत गेले. थोडा सरकवला, आणखी थोडा सरकवला. गाल गुलाबी झाले.

“बघ! मी काय म्हणत होते?” सासूबाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. धाकटीचा नवरा हसला. मीही हसले, कारण माझं काम झालं होतं. धाकटी तेवढी स्क्रीनकडे बघतच नव्हती, पाळण्यात बघत होती.

लॅपटॉप मिटणार तोच माझं लक्ष बाळाच्या अंगाखालच्या चादरीकडे गेलं. चादर पांढरी शुभ्र, घडी आत्ताच मोडलेली. फोटोत मात्र धुताना नीळ जास्त पडल्यासारखी दिसत होती. टाइल अशी आली असती तर मी स्वतःच फोटो फेकून दिला असता.

गाल गुलाबीच असणार असं धरून मी सगळी खोली निळी करून ठेवली होती. मोबाइलनंही तेच केलं होतं. फ्रेमभर पिवळं दिसलं की त्या यंत्राला वाटतं, उजेडच पिवळा आहे, आणि ते आपल्या मनानं पिवळं काढून टाकतं. यंत्राला अक्कल नाही, ठीक. पण मला?

“दिवा बंद करा,” मी ओरडलेच. दोन तऱ्हेचे उजेड एकत्र आले की हिशेब चुकतो. बॅगेतून करडं कार्ड काढलं. पत्त्याएवढा तुकडा, पण कुठल्याच रंगाकडे न झुकणारा. तो बाळाच्या कानाशी धरायला धाकटीला सांगितलं आणि फोटो घेतला. या वेळी गालाकडे बघितलंच नाही. लॅपटॉपला फक्त कार्ड दाखवलं, की हे करडं आहे, बाकीचं तू याच्यावरून लाव.

चादर पांढरी झाली. पडदे मोहरीचे ते मोहरीचेच राहिले. धाकटीचा हात तिच्या नेहमीच्या गव्हाळ रंगावर आला. आणि त्या हाताशेजारी बाळ, कपाळापासून पार छातीपर्यंत, पिवळंच्या पिवळं.

“उजेड नाही,” मी म्हटलं. “फोटोवरून कावीळ ठरत नाही, रक्त तपासावं लागेल. पण मंगळवार विसरा. उठा सगळे.”

धाकटीचा नवरा चप्पल न घालताच गाडीकडे धावला.

हॉस्पिटलात रक्त घेतलं. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी आम्हाला बसायलाही सांगितलं नाही, आधी बाळाला आत नेलं. बाळ कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्याखाली गेलं, डोळ्यांवर पट्टी बांधून. मग बाहेर येऊन म्हणाले, “आज आणलंत ते फार चांगलं केलंत. मंगळवारची वाट बघितली असती तर अवघड होतं. आता होईल कमी.”

सासूबाईंना रडू आवरेना. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “तुमचे उपकार कसे फेडू हो? तुम्ही फोटो काढला नसता तर आम्हाला कळलंच नसतं.”

धाकटी काचेला कपाळ टेकून उभी होती. ती वळली. रागावलेली नव्हती, नुसती दमलेली होती.

“मी कालपासून सांगत होते, आई,” ती सासूबाईंना म्हणाली. “पण मी काय, नुसती त्याची आई.”