सिव्काच्या नावाचं नाणं

माझी गाढवी सिव्का जांभई देते तेव्हा तिचा वरचा ओठ पार नाकाला लागतो. उन्हाळ्यात कुणा सायकलवाल्याने त्याचा व्हिडिओ काढला, जगभर लोक हसले, आणि कुठल्याशा भामट्यांनी लगेच तिच्या नावाने नाणं काढलं. हातात घ्यायचं नव्हे, मोबाईलमधलं. ही नुसती मस्करी आहे, असं त्यांनी स्वतःच लिहिलं होतं. गाढवीला नाही विचारलं ते सोडा, मलाही विचारलं नाही. तरी मी हसले.

मग माझा कूम वेलिमीर त्यात पडला आणि माझं हसू पळालं.

वेलिमीर माझ्या लग्नात साक्षीदार होता आणि माझ्या दोन्ही मुलींचा धर्मपिताही तोच. अशा माणसाला आमच्याकडे कूम म्हणतात, आणि तोही आपल्याला कूमच म्हणतो. सख्ख्या भावाशी भांडलात तर खपतं, कुमाला नाही म्हणायचं नसतं. राकिया, म्हणजे फळांची दारू, गाळायची तांब्याची भट्टी आमच्या दोन घरांत सामाईक. अर्धी त्याची, अर्धी माझी. नवरा गेल्यापासून माझं पोट तिच्यावरच चालतं.

ऑक्टोबरात भट्टी पेटली. आलुबुखाराचा लगदा आत रटरटत होता, शेजारी ग्लास घेऊन भोवती बसले होते, आणि हा बाबा हात चोळत माझ्याजवळ आला.

"कूम, भट्टी विकू या. चाचाक शहरातला एक जण शनिवारी न्यायला येतोय."

"का? भोक पडलंय तिला?"

"सिव्कात घालू गं! जंगलातलं लाकूड विकलं ना, ते सगळे पैसे घातलेत मी. बघ, दहापट!" त्याने मोबाईल माझ्या नाकाशी धरला. माझी गाढवी जांभई देत होती आणि खाली हिरवा आकडा.

"सगळे? कोसानाला सांगितलंस?"

तो जाळाकडे बघायला लागला. म्हणजे बायकोला पत्ता नव्हता.

"हे वाढतं कशानं रे?"

"लोक घेतात म्हणून."

"आणि लोक का घेतात?"

"वाढतंय म्हणून!"

"आणि तुला पैसे काढायचे झाले तर?"

"माझ्यानंतर येणारा घेईल की."

"आणि कुणी आलंच नाही तर? बहुतेक नाणी आहेत कुणाकडे?"

"काढणाऱ्यांकडे. पण ते विकून पळणार नाहीत गं. आम्ही सगळे कूम आहोत."

"कोण कूम?"

तेव्हा कळलं. नाणं काढणाऱ्याचं तोंडही कुणी पाहिलेलं नव्हतं, पण तो मेसेजच्या ग्रुपवर रोज सगळ्यांना कूम म्हणायचा. सिव्कावाले सगळे कूम, आणि कूम आपल्या कुमाला सोडून विकत नाही! विकायचं नाव काढलं की शिव्या. आमच्या माणसांनी ते मुकाट मानलं, कारण हा शब्द आमच्याकडे दारावर आला की आम्ही दार उघडतो. वेलिमीरने आजवर एक नाणंही विकून पाहिलेलं नव्हतं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "ज्याचं तोंड पाहिलं नाहीस तो तुझा कूम? मग मी कोण रे, मेल्या?"

"माझा शब्द मोडतेस?" तो उभा राहिला. शेजाऱ्यांनी ग्लास खाली ठेवले.

"नाही मोडत. पण आत्ता, माझ्यासमोर थोडं विकून दाखव. एका मेंढीपुरतं. पैसे बँकेत आले की भट्टी खुशाल ने."

"एवढंच ना!"

त्याने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. रेंज नसेल म्हणून टेकाडावर चढला आणि हात वर करून उभा राहिला. खाली आला तेव्हा चेहरा उतरला होता.

"विकलं जात नाहीये," तो पुटपुटला. "घेतलं मात्र जातंय. थोडं घेऊन पाहिलं, लगेच झालं."

"अरे देवा! अजून घेतलंस?"

"ग्रुपवर विचारलं तर मलाच काढून टाकलं. पण त्याआधी तिथला तो नाणंवाला कूम म्हणाला, मोठी रक्कम टाकणाऱ्याला विकायची मुभा मिळते. म्हणून म्हणतो, भट्टी..."

"नाही."

"कूम, मी मागतोय."

"ऐकलं मी. नाही देणार. माझ्या मुलींचा धर्मपिता असलास तरी नाही, आणि पाया पडलास तरी नाही!"

तो टोपी जमिनीवर आपटून निघून गेला. गाव माझ्यावर उलटलं. जा, माफी माग, कुमाला कुणी असं बोलतं का? माझं चुकलं असतं तर गेले असते. मी गेले नाही. शनिवारी चाचाकच्या माणसालाही दारातूनच वाटेला लावलं. रात्री मात्र रडले, खोटं कशाला बोलू.

नोव्हेंबरात माझ्या घरच्या संताचा सण आला. या सणाला आमंत्रण देत नाहीत, ज्याला आपलं वाटतं तो येतो. मेणबत्ती लावली, पाव कापला, आणि वेलिमीरची खुर्ची रिकामी ठेवली. तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवूनही बघत होते.

सूप थंड व्हायला आलं तेव्हा दार उघडलं. तो होता, मागे कोसाना. बसला नाही.

"ऐका सगळे. मला टोपी घातली त्यांनी. नाणं शून्यावर आलंय, लाकूड गेलं. कोसानाला मी माझ्या तोंडाने सांगितलंय. भट्टी उभी आहे ती माझ्या कुमामुळे. आता बोला, या खोलीत अजून कोण आहे सिव्कात?"

आधी पोस्टमनने हात वर केला. मग पाद्रीबाबांच्या भावाने. आणि मग माझ्या थोरल्या जावयाने, माझी नजर चुकवत. मी हातातली सुरई टेबलावर ठेवली.

"हात खाली घेऊ नका," मी म्हणाले. "लाजायचं त्यांनी, आपण नाही. उद्या सगळे पोलिसांत. सिव्कालाही नेऊ. तिचं तोंड दाखवून लुटलंय, तीच पुढे चालेल."

गेलो आम्ही. सिव्का ठाण्याच्या दारात उभी राहिली आणि आतले सगळे खिडकीशी जमले. ठाणेदार हसत म्हणाला, "अहो, ते तर मस्करीतलं नाणं. लिहिलंच होतं ना त्यांनी?"

वेलिमीरने आपले दोन्ही तळवे त्याच्या टेबलावर ठेवले. कुऱ्हाडीने पडलेले घट्टे अजून तसेच होते.

"साहेब," तो म्हणाला, "लाकूड मी मस्करीत तोडलं नव्हतं. लिहून घ्या."