दिराच्या पोटातले जंतू

ज्याचं तोंड पाहायचं नाही, त्याच्याच दारात शौचाचा नमुना मागायला उभं राहायची वेळ वहिनीवर आली होती. नशिबाने थट्टा करावी, पण इतकी?

सासरे गेले तेव्हा ‘वहिनी प्रयोगशाळेतून हललीसुद्धा नाही’ असं दिराने नात्यागोत्यात पसरवलं. तेव्हापासून बोलणं बंद.

आतड्यातले जंतू हळदीतला पिवळा घटक कसा तोडतात, हे वहिनी प्रयोगशाळेत पाहत होती. बाकीच्यांचे जंतू आळशी निघाले. दिराने भांडणाआधी दिलेल्या नमुन्यातल्या जंतूंनी मात्र त्या घटकाचा फडशा पाडला. पण हवा लागली की हे जंतू मरतात, आणि हवाबंद पेटीत हात घालून काम करायचा, पेटीलाच जोडलेला हातमोजा फाटून नेमकी हवाच आत शिरली. गोठवून ठेवलेले जागे होईनात. अनुदान देणाऱ्या संस्थेच्या तपासनिसांना तिला प्रयोग पुन्हा करून दाखवायचा होता. नाही जमला तर काम बंद.

“काय हवंय?” दिराने उंबऱ्यातूनच विचारलं.

“नमुना. ताजा.”

“म्हणजे आमची घाण चालते, आम्ही चालत नाही!”

“हो.”

“आईसमोर माफी मागा. मग बघू.”

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. वहिनीने दात ओठ खात म्हटलं, “चुकलं माझं.”

“खोटं बोलताना हिचा आवाज बारीक होतो,” सासूबाई हातातल्या घडीलाच म्हणाल्या.

वहिनी हवा शोषणारी पुडी घातलेली डबी पायरीवर ठेवून निघाली. सकाळी डबी भरून, झाकण घट्ट लावून तिथेच होती. तिने नमुना पेटीत नेला, नळ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी यंत्राने सांगितलं, जंतू नसलेल्या नळीत जेवढं घडलं तेवढंच इथेही. जंतूंनी कशाला तोंडही लावलं नव्हतं.

तिने फोन लावला. “भाऊजी, काय केलंत?”

“मी? दाढ काढली. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलंय, आठवडाभर घेतोय.”

“अहो, त्याने सगळे जंतू मेले! सांगितलं का नाही?”

“तुम्ही विचारलंत का?”

नमुना देणाऱ्या प्रत्येकाला वहिनी ‘औषध चालू आहे का’ हे डबी देण्याआधीच विचारायची. याच्याशी मात्र एक शब्द जास्त बोलायचा नव्हता. तपासनीस जिना चढत होते.

“आता खापर माझ्यावर फोडू नका,” दीर म्हणाला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचं म्हणणं खरं होतं, आणि त्याबद्दल ती त्याला जन्मात माफ करणार नव्हती.