भिंगरीची गाडी

थोरल्याला हरणं कधी पचलंच नाही. लहानपणी पत्त्यांत हरला की पत्तेच फाडायचा. आता टक्कल पडलं तरी खोड काही गेली नव्हती. म्हातारी हे येईल-जाईल त्याला ऐकवायची, तेही त्याच्यादेखत. तो दात काढायचा. "आई, जिभेला जरा सुट्टी दे."

त्या दिवशी शाळेच्या मैदानावर उन्हावर पळणाऱ्या छोट्या गाड्यांची शर्यत होती. शेवटच्या फेरीला उरल्या दोन, आणि दोन्ही एकाच घरच्या. एक थोरल्याच्या पोराची, गुंड्याची, दुसरी म्हातारीच्या नातीची, भिंगरीची. भिंगरीची आई नवरा सोडून माहेरी आली, तेव्हापासून मायलेकी थोरल्याच्या डोळ्यांत सलत होत्या. जिंकेल ती गाडी परगावच्या मोठ्या शर्यतीला जाणार होती, आणि भिंगरीला दुसरं काही सुचत नव्हतं. औषधाच्या खोक्याचा सांगाडा, बाटलीच्या झाकणांची चाकं, वर शाळेने दिलेली सोलर पट्टी. सगळं तिने स्वतः जोडलं होतं. गुंड्याची गाडी बापाने बनवली. पोराने तेवढा रंग फासला.

सकाळी चहा पिताना थोरल्याने भाचीला किती लाडात विचारलं होतं, "काय गं, हिच्यावर सावली पडली तर?"

"मामा, एक कोपरा झाकला तरी बंद! हे बघ." खिडकीतल्या उन्हात तिने हौसेने पट्टीवर हात धरला. चाकं थांबली.

"वा, इंजिनियरबाई!" मामा म्हणाला. पोर हवेत तरंगतच शाळेत गेली.

शिट्टी वाजली. पोरांनी पट्ट्यांवरचे पुठ्ठे उचलले. गुंड्याची गाडी सुटली. भिंगरीची जागची हलेना. ती गुडघ्यांवर बसून तारा दाबत होती, चाकं चाचपत होती. तिच्या मागे, उन्हाकडे पाठ करून, थोरला रुंद टोपी घालून वाकला होता. "चल गं, चल!" त्याचा घसा फाटायचा बाकी होता. लोक हसत होते.

गुंड्याची गाडी रेघेपार गेली तसा थोरला टाळ्या पिटत तिकडे धावला. आणि भिंगरीची गाडी सुटली. एकटीच, भरधाव, रिकाम्या मैदानातून.

"आता जाग आली बाईसाहेबांना!" थोरला ओरडला. पुन्हा हशा.

भिंगरी गाडीकडे बघत नव्हती. मामाच्या टोपीकडे बघत होती.

कडेला खुर्चीवर बसलेल्या म्हातारीने मास्तरांना हाक मारून पाहिलेलं सगळं सांगितलं. मास्तर घड्याळाकडे बघत म्हणाले, "आजी, निकाल लागला आता." कप गुंड्याला मिळाला.

थोरला आईला उठवायला आला. खुर्चीसमोर उभा राहून त्याने हात पुढे केला. "चल आई. बघितलंस ना नातवाचं?"

म्हातारीने हात धरला नाही. अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं बोलली.

"तुझ्या पोराची गाडी खरंच पळते का, ते आता त्यालाही कधी कळायचं नाही. भाचीचं नाक कापायला गेलास आणि लेकाचं कापून आलास. हो बाजूला. ऊन अडवतोयस माझं."