दार न लावता

हिंडलग्याच्या त्या घरात सकाळपासून खव्याच्या कुंद्याचा गोड वास भरला होता. ऋतिकाचं डोहाळजेवण होतं. सासू रुक्माबाईंनी सुनेला फुलांची वाडी घातली, झोपाळ्यावर बसवलं आणि कानाशी बजावलं, "बायका भरवतील ते खायाचं. साखरंचं कुणाफुडं बोलायचं न्हाय. तुज्या ननंदंचं लगीन व्हायचंय अजून."

रोगट सून आणली म्हणतील, ही धास्ती. या खेपेच्या तपासणीत गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर चढलेली निघाली, तेव्हापासून ऋतिका न्हाणीचं दार लावून इन्सुलिन टोचून घ्यायची. नवरा युवराज सगळं जाणून होता. "आई म्हणत्या तसं कर," एवढंच बोलून तो खडेबाजारातल्या दुकानी निघून जायचा.

गेल्या खेपेला साखर कुणी तपासलीच नव्हती. दोन जिवांची म्हणून सगळ्यांनी गोडधोड भरवलं. पोर जन्मलं ते मेलेलंच, पण अंगानं मोठं. "केवढं गुटगुटीत, दृष्ट लागली गं," म्हणून बायका हळहळल्या. आईच्या रक्तातली साखर बाळात उतरते, ते फुगतं आणि कधी कधी पोटातच दगावतं, हे डॉक्टरीणबाईंनी यंदा सांगितलं. ते ऐकून ऋतिका एकटीच रडली होती.

शेजारच्या अक्काताई कुंद्याचा पहिला घास घेऊन पुढे आल्या.

"मला न्हाय चालत, आक्का," ऋतिका म्हणाली. "मला साखर हाय. पयलं लेकरू त्यानंच गेलं, दृष्टीनं न्हाय."

अक्काताईंचा हात तिथंच थांबला. "सवाष्णीचा घास परतवू नये गं."

"घास मला देताय, पर उतरतोय लेकरात."

 बायकांनी घाईघाईनं ओटी भरली आणि कुणाला दूध काढायचं, कुणाला बस गाठायची, असं सांगत एकेक बाई निघून गेली. युवराज उंबऱ्यात मोबाईलमध्ये डोकं खुपसून उभा होता. हाकेवर होता, पण ऋतिकाला तो फार लांब वाटला.

तिनं फ्रीजमधून इन्सुलिन आणलं आणि पुन्हा झोपाळ्यावर बसली.

"न्हाणीत जा," रुक्माबाई म्हणाल्या.

"हितंच घेते, आत्ती."

तिनं दंडात सुई टोचली आणि भाजी-भाकरीचं ताट पुढे ओढलं. सजवलेल्या झोपाळ्यावर ती एकटीच जेवली. शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहिली. वाचकहो, तुम्ही त्या घरात असता, तर तिथं बसला असता का?