गिळलेला ‘स’

अहिल्याने हेडफोनच्या गाद्या ओल्या कागदाने पुसल्या, पाण्याचा ग्लास माइकपासून वीतभर लांब सरकवला आणि काचेपलीकडे पाहिलं. कोलोनच्या, म्हणजे जर्मन लोकांच्या क्योल्नच्या, त्या सभागृहात रविवारी सकाळी अकरा वाजता चारशे माणसं येऊन बसली होती, आणि चारशेच्या चारशे पाठमोरी. दुभाषींची केबिन नेहमी मागच्या भिंतीला असते. आवाज बंद पडला तरच लोक वळून तिकडे बघतात, तेही कपाळाला आठ्या घालून.

मंचावर फ्रान्सचे माजी मंत्री ओगुस्तँ माल्वेर आले. सत्तरी उलटली होती, पण चाल अजून कालच निवडणूक जिंकल्यासारखी. साहेब एकतिसाव्या वर्षी महापौर झाले, चाळिशीत मंत्री. सरकारी हेलिकॉप्टरने मुलीच्या लग्नाला गेले म्हणून पहिला राजीनामा. दोन वर्षांत पुन्हा मंत्री. मग कुठल्याशा उद्योगपतीच्या पाहुणचारातली शिकार बाहेर आली आणि दुसरा राजीनामा. तरी कपडे झटकून पुन्हा उभे, या खेपेला कामगारमंत्री म्हणून. स्वतः पडलो असं त्यांनी कधी म्हटलं नाही. दर वेळी त्यांना कुणीतरी ढकललेलं असे. आता हे सगळं त्यांनी आठवणींच्या पुस्तकात लिहिलं होतं, आणि त्याची जर्मन आवृत्ती आज निघत होती.

शेजारच्या खुर्चीत गुद्रुनने विणकाम काढलं. अर्धा तास एकीने बोलायचं, पुढचा अर्धा तास दुसरीने, असा या कामाचा रिवाज.

"तू नक्की करणार आहेस ना?" तिने विचारलं.

"करणार," अहिल्या म्हणाली आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला.

सहा वर्षांपूर्वी याच शहरात, अशाच एका केबिनमध्ये ती एकटीच, जोडीदाराविना, याच माणसाचं बोलणं जर्मनमध्ये सांगत होती. फ्रेंच आणि जर्मन कंपनीचा एक सामायिक कारखाना बंद होणार होता, नऊशे लोक घरी बसणार होते, आणि बंद दाराआडच्या बैठकीत कामगारमंत्री माल्वेर बोलून गेले होते, "त्या लोकांना कामाची सवयच नाही." अहिल्याने ते जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते बाहेर फुटलं आणि जर्मन पेपरांनी मथळ्यात छापलं, तिसऱ्या दिवशी कामगार रस्त्यावर आले, आणि चौथ्या दिवशी पॅरिसहून खुलासा आला. मंत्रिमहोदय म्हणाले होते, त्या लोकांना ‘या’ कामाची सवय नाही, म्हणजे नव्या यंत्रांवरच्या कामाची. फ्रेंचमध्ये त्या ‘या’ला एकच अक्षर पुरतं, ‘स’. दुभाषीने म्हणे ते गिळलं.

मूळ फ्रेंच आवाज कुणी रेकॉर्ड करून ठेवला नव्हता. बैठकीत फ्रेंच जाणणारे होते ते सगळे साहेबांचेच. मंत्री सुटले आणि खापर फुटलं ते अहिल्याच्या डोक्यावर, एका पेपरात तर नावानिशी.

तिला कामावरून कुणी काढलं नाही. दुभाषीला काढावं लागत नाही, फोन यायचा थांबतो. पुण्यात वयाच्या सतराव्या वर्षापासून घासून घासून कमावलेलं फ्रेंच ती मग पंपांच्या माहितीपुस्तकांवर आणि आउसलेंडरबेहोर्डेच्या, म्हणजे परदेशी लोकांच्या परवान्यांच्या कचेरीच्या, खिडकीशी खर्च करू लागली. हृषिकेशने, तिच्या नवऱ्याने, एकदा जेवताना गंमत केली, "अगं, भाजीतला ‘स’ गिळलास की काय, नुसती ‘भाजी’ लागतेय, ‘सभाजी’ नाही." विनोद धड जमलाही नव्हता. अहिल्या उठून आत गेली आणि नळ सोडून रडली. त्याने पुन्हा कधी ते अक्षर काढलं नाही.

पण खरं लागलं होतं ते मैत्रेयीचं बोलणं. आठ वर्षांची होती तेव्हा. शाळेतून आली, दप्तरही न काढता दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, श्टिम्ट दास?" खरं आहे का ते? अहिल्या नाही म्हणाली. मुलीने मान हलवली, पण चटकन नाही.

आजचं काम आलं ते एक सहकारी आजारी पडली म्हणून.

"कशाला जातेस?" हृषिकेश म्हणाला. "त्याच माणसाचा आवाज दोन तास कानात भरून घ्यायला?"

"नाही म्हटलं तर मी चुकले होते असं होईल."

"अगं, लोकांना आठवतंय तरी का आता?"

"मला आठवतंय ना, अरे."

तेवढ्यात मैत्रेयी खोलीतून बाहेर आली. चौदा वर्षांची झाली होती, मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. "इश कॉमे मिट," ती म्हणाली. मी येते बरोबर. आत्ता ती शेवटच्या रांगेत, केबिनच्या अगदी पुढ्यात बसली होती, पिवळं जाकीट घालून, कानाला हेडफोन.

माल्वेर रंगात आले होते. हेलिकॉप्टर झालं, शिकार झाली. अहिल्या त्यांच्यामागून दोन-तीन सेकंदांच्या अंतराने चालली होती. या धंद्यात ‘ते म्हणतात’ असं कधी म्हणत नाहीत. बोलणाऱ्याचा ‘मी’ तोच दुभाषीचा ‘मी’. त्यामुळे गेला अर्धा तास हेलिकॉप्टरमधून लग्नाला अहिल्याच गेली होती.

"आणि कोलोनला येऊन तो किस्सा सांगितला नाही तर पाप लागेल," माल्वेर म्हणाले. "हा पुस्तकात नाही बरं का, वकिलांनी काढायला लावला."

अहिल्याने पाण्याकडे नेलेला हात मागे घेतला. गुद्रुनच्या सुया थांबल्या. तिने घड्याळाकडे बोट केलं, अर्धा तास झाला होता, आणि स्वतःच्या बटणाकडे हात नेला. अहिल्याने नकारार्थी मान हलवली.

"तो कारखाना आठवतो? मी म्हणालो होतो, त्या लोकांना कामाची सवयच नाही. अगदी याच शब्दांत म्हणालो होतो. मग गहजब! आमची माणसं विचारायला लागली, आता काय करायचं? मी म्हटलं, त्यात एक ‘स’ घाला, आणि सांगा की दुभाषीने गिळला. भारतीय बाई होती, नाव विसरलो. उत्तम काम करायची. तिची काडीची चूक नव्हती. पण मंत्री जावा की दुभाषी, यावर फ्रान्सने कितीसा विचार करायचा?"

एका शब्दाला जरा धार लावली असती तरी अहिल्याला मोकळं वाटलं असतं. तिने ते केलं नाही. माल्वेरांच्या आवाजात होती तेवढीच मिस्किली तिने आपल्या आवाजात ठेवली, आणि ‘मी’च्या जागी मीच म्हणाली. मी म्हणालो होतो. मी घालायला लावलं. तिची काडीची चूक नव्हती.

फ्रेंच येणारे वीसेक जण, ज्यांना हेडफोनची गरज नव्हती, लगेच हसले. बाकीचे हसतील म्हणून माल्वेर क्षणभर थांबले. बाकीच्यांच्या कानात तेच वाक्य तीन सेकंदांनी पोहोचलं, एका बाईच्या आवाजात, जिचं जर्मन अचूक होतं पण जन्मापासूनचं नव्हतं. कुणी हसलं नाही. पुढे हसणारेही गप्प झाले. मधल्या रांगेतल्या एका बाईने हेडफोन काढून हातात धरले आणि ती सावकाश मागे वळली.

शेवटच्या रांगेतलं पिवळं जाकीट उभं राहिलं. मैत्रेयी मंचाकडे पाठ करून, काचेकडे तोंड करून टाळ्या वाजवत होती. एकटीच, जोरजोरात. मग ती मधली बाई उठली, तिच्या शेजारचा म्हातारा उठला, खुर्च्या खडखडल्या आणि सगळं सभागृह उभं राहून वळलं. इतक्या वर्षांत अहिल्याने श्रोत्यांचे आठ्या नसलेले चेहरे पहिल्यांदाच पाहिले. गुद्रुनच्या मांडीवरचा लोकरीचा गुंडा खाली घरंगळला तरी तिला पत्ता नव्हता.

मंचावर दिव्यांचा झोत माल्वेरांच्या डोळ्यांवर येत होता. लोक उभे राहिलेत आणि टाळ्या थांबत नाहीत, एवढंच त्यांना कळलं. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि तीनदा कमरेत वाकून नमस्कार केला.

"मेर्सी," ते भरल्या गळ्याने म्हणाले. "मेर्सी, कोलोन. मी हे कधी विसरणार नाही."

केबिनमधला लाल दिवा अजून लागलेलाच होता. अहिल्याने गाल पुसला, माइक जवळ ओढला आणि मुलीकडे बघत आपलं काम केलं.

"डांके," ती म्हणाली. "डांके, क्योल्न. मी हे कधी विसरणार नाही."