डोंगरावर न म्हटलेलं त्रिशरण

पार्वतीबाईंनी हैदराबादच्या अख्ख्या नल्लकुंट्यात सांगून ठेवलं होतं, की आमचा अमरदीप कंपनीच्या कामाने जपानला चाललाय आणि तिथे डोंगरावरच्या बुद्धमंदिरात वडिलांच्या नावाने त्रिशरण म्हणणार आहे. नवऱ्याची तेवढी एक इच्छा राहून गेली होती. परत आल्यावर त्यांनी दारातच विचारलं, "म्हटलंस ना?"

"हौ आई, म्हटलं," तो बूट काढता काढता म्हणाला.

रविवारी त्याच्या कंपनीतला मित्र शिवराज विद्यानगरहून आला. तोही अमरदीपसोबत जपानला गेलेला. चहा घेता घेता त्याने फोन टीव्हीला जोडून तिथला व्हिडिओ लावला. चढाच्या पायऱ्या, शेवाळलेले दगडी दिवे, वर शांत बसलेले बुद्ध. पार्वतीबाईंनी डोक्यावर पदर घेतला. तेवढ्यात टीव्हीतला शिवराज विचारताना ऐकू आला, "अमर, इथं हात जोडून काय म्हणतात रे?"

आणि ज्याला धड चालता येण्याआधी वंदना म्हणता येत होती, तो त्यांचा लेक हसून म्हणाला, "मला काय माहीत? चल, फोटो काढू."

पार्वतीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगं खोटं बोललं, हा राग होताच. पण बापाने जन्मभर ऑफिसच्या टेबलावर बुद्धाची तसबीर ठेवली, लोकांची कुजबुज ऐकली आणि ती कधी हलवली नाही. आणि हा बुद्धाच्या दारात उभा राहून बुद्धाला ओळख दाखवत नाही. कशासाठी, तर सोबत आलेल्या कंपनीतल्या चौघांना आपली जात कळू नये म्हणून.

अमरदीप रिमोट शोधू लागला. "आई, आपण नंतर बोलू."

"नंतर नक्को."

त्यांनी भिंतीवरच्या बुद्धापुढे मेणबत्ती लावली, शेजारी नवऱ्याच्या फोटोचा हार नीट केला आणि खणखणीत आवाजात त्रिशरण सुरू केलं. शिवराज गडबडून उठला आणि त्याने हात जोडले. अमरदीप खाली मान घालून उभा होता. पण लहानपणापासूनची सवय ती. दुसऱ्या ओळीला त्याचे ओठ हलले आणि पुढे आवाजही फुटला. एक अक्षर चुकलं नाही.

वंदना संपल्यावर शिवराज त्याच्याकडे बघतच राहिला. "तुला तर सगळं पाठ आहे की. मग तिथं माहीत नाही असं का म्हणालास?"

अमरदीपने आईकडे पाहिलं.

पार्वतीबाई खुर्ची ओढून नवऱ्याच्या फोटोखाली बसल्या. "माझ्याकडं काय बघतोस? दोस्तानं विचारलंय, त्याला सांग. आम्ही दोघंपण ऐकतो."